कातळावर खापर फोडू नका

मराठवाड्याच्या टंचाईचा विषय निघाला की एक उत्तर तयार असते. विधिमंडळात ते ऐकू येते, टंचाई आढावा बैठकीत ऐकू येते, गावच्या पारावरही ऐकू येते: हा भाग मुळातच कोरडा, सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत पडलेला, खाली काळा कातळ, वर बेभरवशाचा पाऊस. निसर्गानेच हात आखडता घेतला, तिथे माणूस काय करणार? या उत्तरातले प्रत्येक विधान खरे आहे आणि त्यातून काढलेला निष्कर्ष खोटा आहे. म्हणूनच त्याचा प्रतिवाद करायला हवा. अर्धे खरे असलेले उत्तर पन्नास वर्षे टिकते, आणि त्याच्या आडोशाला अनेकांचे हिशेब झाकले जातात.

आधी जे खरे आहे ते मान्य करू. अरबी समुद्रावरून येणारे ढग घाटमाथ्यावर रिते होतात आणि पूर्वेकडे उतरताना त्यांच्यात फारसे काही उरत नाही. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात वर्षाला सरासरी सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तोही मुख्यतः चार महिन्यांत आणि मोजक्या दिवसांत. जमिनीखाली सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे थर आहेत. या बेसाल्टच्या अखंड दगडात पाणी शिरत नाही. ते साठते वरच्या झिजलेल्या मुरमात, सांध्यांत, भेगांत, आणि दोन थरांच्या मध्ये. गंगा-यमुनेच्या गाळाच्या मैदानात भूजलाचे जे भांडार आहे, ते इथे नाही. ही मर्यादा खरी आहे आणि ती कोणत्याही घोषणेने हटणार नाही.

पण मर्यादा म्हणजे टंचाई नव्हे. हिशेब करून पाहा. एक हेक्टर रानावर सातशे मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे सत्तर लाख लिटर पाणी पडले. ग्रामीण पाणीपुरवठ्याचा सरकारी निकष माणशी दिवसाला ५५ लिटर. पाच माणसांच्या कुटुंबाला वर्षाकाठी लागते सुमारे एक लाख लिटर. एका हेक्टरावरच्या पावसातून सत्तर कुटुंबांचे पिणे-वापरणे भागेल एवढे हे पाणी. यातले बरेचसे वाहून जाते, उडून जाते, पिके पितात. ते सगळे वजा केले तरी पिण्याच्या पाण्यासाठी टँकरची वाट पाहावी लागावी, असे या आकड्यांत काही नाही. लंडन-पॅरिसला वर्षभरात याच्या आसपासच, किंबहुना थोडा कमीच पाऊस पडतो. तिकडे तो बारा महिने झिमझिमतो आणि इकडे चार महिन्यांत कोसळून मोकळा होतो, हा फरक मोठा आहे आणि तो मी नाकारत नाही. त्याचा अर्थ एवढाच की इथे पाणी साठवण्याची, मुरवण्याची आणि वाटून घेण्याची शिस्त अधिक कडक लागते. ही शिस्त माणसाने पाळायची आहे, ढगांनी नव्हे.

आणि ती शिस्त या भूमीला नवी नाही. या कातळाचा गुण ओळखून त्याचा उपयोग करून घेणेही नवे नाही. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात पैठणचा उल्लेख आहे. पैठणहून गोमेदासारखे रंगीत दगड आणि तेरहून कापड गाड्यांवर लादून भडोचच्या बंदराकडे जात असे. ते दगड आले कुठून? याच लाव्हाच्या पोकळ्यांत सिलिका साठून ते तयार झाले. ज्या कातळाला आज आपण दळभद्री म्हणतो, त्याच्या पोटातला माल तेव्हा परदेशी जात होता. याच कातळाच्या सलग, जाड थरांमुळे वेरूळचे कैलास लेणे माथ्यापासून पायथ्यापर्यंत एकाच डोंगरातून कोरता आले. तिथल्या आणि अजिंठ्याच्या लेण्यांत कोरलेली पाण्याची टाकी पाहा. डोंगरात राहणाऱ्या भिक्षूंनी आठ कोरड्या महिन्यांची तरतूद दगडातच करून ठेवली होती. जो दगड पाणी शोषत नाही, तो पाणी धरूनही ठेवतो, हे त्यांना कळले होते.

याहून ठळक पुरावा खुद्द छत्रपती संभाजीनगर शहराच्या पोटात आहे. मलिक अंबरने १६१० मध्ये खडकीला, म्हणजे आजच्या याच शहराच्या जागी, राजधानी वसवली. जवळ मोठी बारमाही नदी नाही. गोदावरी दूर आणि पातळीने खाली. त्याने उत्तरेकडच्या डोंगररांगांचा उतार वाचला. हर्सूलच्या बाजूला मुरमात झिरपलेले पाणी जमिनीखालच्या बांधीव नहरीत गोळा केले आणि केवळ उताराच्या जोरावर ते शहरात आणले. ना उपसा, ना इंधन. पाणी जमिनीखालून वाहत असल्याने उन्हाने उडत नसे. हीच नहर-ए-अंबरी. पुढे अशा आणखी नहरी झाल्या. पाणचक्कीची नहर जटवाड्याच्या डोंगराकडून पाणी आणते आणि त्याच पाण्याच्या पडण्यावर जाते फिरत असे. या कामामागे इराणी कनातींची, म्हणजे भूमिगत पाणवाटांची, परंपरा होती आणि इथल्या खडकाची पारखही होती. पाऊस तोच, कातळ तोच, उतार तोच. आणि त्यावर मुघल सुभ्याचे एक मोठे शहर जगले.

त्या नहरींचे आपण काय केले? पायाखाली काय आहे ते न बघता त्यांच्यावर इमारती बांधल्या, रस्त्यांच्या खोदकामात त्या फोडल्या, काहींत सांडपाणी सोडले. खाम आणि सुखना या नद्यांचे नाले केले. गेल्या काही वर्षांत खामच्या काठावर चांगले काम झाले आहे आणि त्याचे मोल आहे, पण नद्या नासवून झाल्यावर सुरू केलेली ती डागडुजी आहे. या शहराला निसर्गाने पाणी दिले नाही असे म्हणणाऱ्याने आधी नहरींच्या नकाशावर आजच्या शहराचा नकाशा ठेवून बघावा.

आता शहराच्या नळाकडे या. पैठणच्या जायकवाडी धरणाची पायाभरणी १८ ऑक्टोबर १९६५ रोजी लालबहादूर शास्त्रींनी केली आणि १९७६ मध्ये इंदिरा गांधींच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. त्याचा उपयुक्त साठा ७६ टीएमसींहून अधिक. शंभराहून अधिक गावांनी आपली घरे-शेते त्यासाठी दिली. शहरापासून धरणाचा नाथसागर जलाशय सुमारे चाळीस किलोमीटर. धरण काठोकाठ भरल्याच्या, दरवाजे उघडून पाणी सोडून दिल्याच्या बातम्या २०२२ मध्ये आल्या, २०२४ मध्ये आल्या, २०२५ मध्येही आल्या. त्याच काळात शहरातल्या वसाहतींना पाच-पाच, आठ-आठ दिवसांनी पाणी मिळत होते. इथे पर्जन्यछाया कुठे आली? धरण भरलेले आणि नळ कोरडा, यात ढगाचा दोष कोणता? सत्तरच्या दशकातली ७०० मिलिमीटर व्यासाची आणि नव्वदच्या दशकातली १४०० मिलिमीटरची, अशा दोन जुन्या जलवाहिन्यांवर शहर तगून राहिले. समांतर जलवाहिनीचे काम २०१४ मध्ये खासगी कंपनीकडे गेले, २०१६ मध्ये तो करार रद्द झाला. नव्या, २५०० मिलिमीटरच्या वाहिनीचे भूमिपूजन झाले डिसेंबर २०२० मध्ये. शहर धरणाच्या पूर्ण पातळीपेक्षा शंभरेक मीटर उंच आहे, म्हणून पाणी उपसून आणावे लागते आणि वीजबिल येते; भूगोलाचा वाटा इतकाच. बाकीची सगळी वर्षे निविदा, वाद आणि दिरंगाई यांत गेली. उन्हाळ्यात या उथळ, पसरट जलाशयातून रोज जेवढे पाणी वाफ होऊन उडते, तेवढेही शहर उचलत नाही.

शेतीचा प्रश्न याहून मोठा आहे, कारण पाण्याचा खरा खर्च तिथे आहे. मराठवाड्याची काळी जमीन ओल धरून ठेवते. पावसाळा सरल्यावर त्या ओलीवर रब्बीची ज्वारी, करडई, हरभरा यायचा. सिंचनाशिवाय येणारे हे पीक म्हणजे माती आणि हवामान यांच्याशी शेकडो वर्षांत जुळलेला व्यवहार होता. त्यातून माणसाला भाकरी आणि जनावराला कडबा मिळे. त्या जागी आपण काय आणले? ऊस. उसाला बारा महिन्यांत साधारण दोन हजार मिलिमीटर पाणी लागते. हेक्टरी सुमारे दोन कोटी लिटर. म्हणजे एक हेक्टर ऊस पिकवायचा तर जवळपास तीन हेक्टरांवर पडणारा सगळा पाऊस, एक थेंब न वाहता, न मुरता, त्या एका हेक्टरात ओतावा लागेल. तेच पाणी हजार माणसांना वर्षभर पुरले असते.

हे मी पदरचे सांगत नाही. माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखालच्या महाराष्ट्र जल व सिंचन आयोगाने १९९९ मध्येच तुटीच्या खोऱ्यांत उसावर बंधन घालण्याची शिफारस केली होती. स्टॉकहोम जल पुरस्कार मिळालेल्या या जलतज्ज्ञाची कर्मभूमी हेच शहर. आयोगाचा अहवाल सरकारने स्वीकारायचा आणि कपाटात ठेवायचा, हे त्यानंतर चालू राहिले. २०१९ मध्ये इथल्याच विभागीय आयुक्त कार्यालयाने पुन्हा तेच लिहिले: २०१८-१९ मध्ये मराठवाड्यात ३ लाख १३ हजार हेक्टर ऊस होता आणि त्याला २१७ टीएमसी पाणी लागले. जायकवाडीच्या उपयुक्त साठ्याच्या पावणेतीन पटींहून हे जास्त. यातला काही भाग थेट पावसाचा असतो हे धरले, तरी उरतो तो आकडा पुरेसा बोलका आहे. आणि हे वर्ष कोणते? दुष्काळ जाहीर झालेले.

इथे लगेच कुणी म्हणेल की मग शेतकऱ्यालाच दोष द्या. मी तो देणार नाही. शेतकरी उसाकडे गेला तो हिशेब करूनच गेला. उसाला कायद्याने बांधलेला दर आहे, खरेदी करणारा कारखाना आहे, एका लागवडीवर खोडवा मिळतो, आणि गारपिटीत किंवा अवेळी पावसात तो इतर पिकांसारखा हातचा जात नाही. ज्वारीला हमीभाव कागदावर आहे, पण तो देऊन माल उचलणारे केंद्र बाजारपेठेच्या गावी असतेच असे नाही. तूर भरघोस पिकली की भाव कोसळतो. ज्या पिकाला भूगोल साथ देतो त्याला बाजार साथ देत नाही, आणि ज्याला भूगोल नको म्हणतो त्याला धोरण उचलून धरते. कारखान्यांचे परवाने ढगांनी दिले नाहीत. बेसाल्टने कर्जाच्या थकहमीवर सही केली नाही. आठमाही सिंचनाचे धोरण राज्याने स्वीकारले होते; ते मोडले गेले ते माणसांच्या निर्णयाने.

कातळाचेही तेच. वरच्या शे-दोनशे फुटांत जे पाणी आहे ते दरवर्षीच्या पावसाने भरते. त्याखाली क्वचित भेगांत अडकलेले जुने पाणी लागते. ते एकदा उपसले की भरून यायला फार काळ लागतो. हे जाणूनच २००९ च्या भूजल अधिनियमात शेती आणि उद्योगासाठी साठ मीटरपेक्षा, म्हणजे सुमारे दोनशे फुटांपेक्षा खोल विहीर घेण्यावर बंदी घातली आहे. आज गावोगाव बोअर पाचशे-सातशे फुटांवर जातात आणि कोणी अडवत नाही. एकाचा बोअर खोल गेला की शेजाऱ्याची विहीर आटते. मग तोही कर्ज काढून खोल जातो. अखेरीस दोघांच्या हाती कोरडा बोअर आणि सावकाराचा कागद उरतो. आणि मग आपण म्हणतो, खडकात पाणीच नाही.

दुसऱ्या बाजूचे एक उत्तरही तपासले पाहिजे, कारण ते आपल्या माणसांना अधिक आवडते: वरच्यांनी आमचे पाणी अडवले. यात तथ्य आहे. भंडारदरा १९२६ मध्येच पूर्ण झाले आणि प्रवरेच्या कालव्यांवर ऊस आणि साखर कारखानदारी उभी राहिली. निजामाच्या राज्यात आपल्या वाट्याला काय आले? बीड जिल्ह्यात बालाघाटावर उगम पावणाऱ्या मांजरेवर निजामसागर बांधला गेला तो तेलंगणात. डोंगर आमचा आणि कालवे दुसरीकडे, हे कोणत्या पर्जन्यछायेने ठरवले? १९४८ नंतर आपण उशिरा सुरुवात केली आणि वरची धरणे होत गेली तशी जायकवाडीची आवक घटत गेली. २००५ च्या कायद्याने समन्यायी वाटपाचे तत्त्व आणले, मेंढेगिरी समितीने १५ ऑक्टोबरला जायकवाडीत ६५ टक्क्यांचा निकष ठरवून दिला, उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये ते तत्त्व उचलून धरले. तरीही २०२३ मध्ये ८.६ टीएमसी पाणी सुटण्यासाठी नोव्हेंबर उजाडला आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. हा हक्क आपण सोडता कामा नये.

पण हक्क मागणाऱ्याला एका प्रश्नाचे उत्तर द्यावे लागते: पाणी आल्यावर ते कोणाला? नगर-नाशिकच्या उसासाठी अडवलेले पाणी मराठवाड्याच्या उसासाठी सोडवून आणायचे असेल, तर तो न्यायाचा लढा उरत नाही. समन्याय पैठणच्या भिंतीशी थांबत नाही. धरण ते कालव्याचे शेपूट, बागायतदार ते कोरडवाहू, कारखाना ते वस्ती, सगळीकडे तो लागू आहे. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले. त्याच उन्हाळ्यात मद्यनिर्मिती कारखान्यांच्या पाण्यात कपात करण्यासाठी औरंगाबाद खंडपीठाला आदेश द्यावा लागला. प्यायला आधी, मग शेती, मग उद्योग, हा क्रम ठरवायला न्यायालयात जावे लागते, हे प्रशासनाचे अपयश आहे.

तिसरे उत्तर सर्वांत भव्य: कोकणात वाहून जाणारे पाणी उचलून गोदावरीत आणू, धरणांना धरणे जोडून वॉटर ग्रिड करू. मी त्याला विरोध करत नाही. पाणी आणता येत असेल तर जरूर आणा. फक्त दोन गोष्टी आधी सांगा. डोंगर चढवून आणलेल्या पाण्याची वीज कोण भरणार? आणि वापराचे नियम न बदलता ते पाणी आले, तर पाच वर्षांत ते नव्या कारखान्यांच्या शिवारात जिरणार नाही याची हमी कोणती? भरलेल्या जायकवाडीचे पाणी ज्यांना चाळीस किलोमीटर नीट आणता आले नाही, त्यांनी सह्याद्री ओलांडून पाणी आणण्याचे आश्वासन देऊन आजची कामे पुढे ढकलू नयेत.

होऊ शकते का? झालेले आहे. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारला आपल्यापेक्षा कितीतरी कमी, चारशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. पोपटराव पवार सरपंच झाल्यावर गावाने पाणलोटाची कामे केली, पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे नियम केले: शेतीसाठी बोअर नाही, ऊस-केळी नाही, आणि दरवर्षी पावसाचे माप घेऊन पाण्याचे अंदाजपत्रक. कमी पावसाच्या वर्षी पीक बदलायचे. जालन्याजवळच्या कडवंचीत खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राच्या मदतीने १९९६ पासून माथा ते पायथा पाणलोट उभा राहिला आणि गाव द्राक्षांसाठी ओळखले जाऊ लागले. कडवंचीच्या वाटेतही धोका आहे. भूजल उपसून प्लास्टिक अंथरलेल्या शेततळ्यांत भरणे म्हणजे सगळ्यांचे पाणी एकाच्या कुंपणात नेणे. म्हणून नुसते बांध आणि तळी पुरत नाहीत. वापराचा नियम हवाच. जिथे नियम झाला तिथे तोच कातळ पाणी देतो, हे या गावांनी दाखवले आहे.

तेव्हा मागणी निसर्गाकडे नाही. ती नावे-पत्ते असलेल्या कार्यालयांकडे आहे. तुटीच्या खोऱ्यांत नवा साखर कारखाना नको आणि असलेल्या उसाला ठिबकाशिवाय पाणी नको. ज्वारी, तूर, करडई, हरभरा यांची हमीभावाने खरेदी तालुक्याच्या ठिकाणी खरोखर व्हावी, म्हणजे ऊस सोडणाऱ्याचे घर चालेल. पर्याय न देता ऊसबंदी लादणे हा शेतकऱ्यावर अन्याय ठरेल. भूजल अधिनियमाची अंमलबजावणी गावाच्या हाती द्या, आणि दर ऑक्टोबरला प्रत्येक गावाचा पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत वाचला जाऊ द्या. जायकवाडीचे किती पाणी कोणाला गेले हे दर महिन्याला जाहीर करा. शहरात नवी वाहिनी पूर्ण करा, गळती मोजा, हर्सूल तलाव आणि उरलेल्या नहरी सार्वजनिक मालमत्ता म्हणून जपा.

यातल्या कोणत्याही गोष्टीसाठी पाऊस वाढावा लागत नाही. २०२३ मध्ये पाऊस कमी झाला आणि आपण टँकर लावले. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये तो अतोनात झाला आणि मराठवाड्याची उभी पिके वाहून गेली. दोन्ही वेळा दोष निसर्गाला दिला. हवामान बदलत असताना हे टोकाचे हेलकावे वाढतील, आणि तेव्हा ‘भागच असा’ हे उत्तर आणखी महाग पडेल. त्याची किंमत ते देणाऱ्याच्या घरी मोजली जात नाही. ती हंडा घेऊन रांगेत उभी राहणारी बाई मोजते, शाळा सोडून टँकरमागे धावणारी मुलगी मोजते, कारखान्याच्या फडावर कोयता घेऊन जाणारे जोडपे मोजते.

भूगोलाने या प्रदेशाला थोडे दिले आहे, पण स्पष्ट सांगून दिले आहे: किती पाऊस, कोणती माती, किती खोल पाणी, कोणत्या दिशेला उतार. मलिक अंबरच्या कारागिरांनी ते ऐकले, रब्बीच्या ज्वारीवाल्यांनी ऐकले, हिवरे बाजारच्या ग्रामसभेने ऐकले. ज्यांनी ऐकले नाही त्यांनीच आज त्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले आहे. पुढच्या टंचाई बैठकीत कुणी पुन्हा पर्जन्यछायेचे नाव काढले, तर त्याला एकच विचारा: मागच्या वर्षी पडलेल्या पाण्याचा हिशेब कुठे आहे? तो कागद टेबलावर आल्याशिवाय पुढची चर्चा होऊ देऊ नका.